भायखळ्याहून माझगांवपर्यंत

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांसमोर काशी, रामेश्वर, काश्मीर, निदान महाबळेश्वर तरी उभें राहतें. आमचा प्रवास तितका लांबचा नाहीं. भायखळ्याच्या आमच्या बिऱ्हाडापासून माझगांवच्या टेकडीपर्यंत दीड-दोन मैलांची ही फेरी. तिला तिकीट लागलें नाहीं कीं बोजाबिस्तरा लागला नाहीं. तथापि ह्या फेरींत आमच्या घरांतील एक अडलेला प्रश्न बराचसा सुटला. तसला प्रश्न पुष्कळ एकत्र कुटुंबांत निरनिराळ्या रूपांनीं येत असावा, म्हणून ती हकीगत येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रश्न असा. आमचे धाकटे बंधु आज हयात नाहींत. त्यांनीं भायखळ्यांतच एका गाळ्यांत दोन लेथ व एक मिलिंग मशीन एवढ्या भांडवलावर लहानसा कारखाना काढिला होता. आतां तो त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचा पुतण्या, चालवितो. गेल्या पावसाळ्यांत त्याच्याकडे एका परदेशी कंपनीचा प्रस्ताव आला. लढाऊ विमानाच्या एंजिनांत बसणारा, तळहाताएवढा एक तुकडा त्यानें करून द्यावा. ड्रॉइंग त्यांचें, धातु त्यांचा, तपासणीची रीत त्यांची. यंत्र मात्र ह्यानें घ्यावें. यंत्राची किंमत ऐकून आमची छाती दडपली. बँक कर्ज देण्यास तयार होती. परंतु तारण म्हणून गाळा आणि शिवाय कोंकणांतील वडिलोपार्जित घर व आमराई मागत होती. घर सर्वांचें, सबब सर्वांच्या सह्या हव्या. पुतण्या कागद घेऊन आमच्यासमोर बसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही सही केलीत म्हणजे बाकीचे करतील."

हें वाक्य ऐकावयास गोड, पण वडीलपणाचें सर्व ओझें त्यांत होतें. शिवाय ह्या बाबतींत आमचें मन आधींच पोळलेलें. पस्तीस वर्षांपूर्वीं बंधूंनीं एका गृहस्थाशीं भागीदारी केली होती. पंपाचे भाग करावयाचे; मेहनत ह्यांची, ओतकामाचे साचे त्या गृहस्थाचे. धंदा बरा चालला. पुढें मतभेद झाले, आणि एके दिवशीं त्या गृहस्थानें हातगाडी आणून आपले साचे भरून नेले. कायद्यानें ते त्याचेच होते. बंधूंजवळ लेथ राहिले, हात राहिले, पण करावयास काम राहिलें नाहीं. दोन वर्षें घरांतील आठ माणसें आमच्या शाळेच्या पगारावर कशींबशीं निभावलीं. हें सर्व पुतण्याच्या लहानपणीं घडलें. त्यास त्यांतील हातगाडी तेवढी आठवते.

आम्हीं लगेच होय म्हटलें नाहीं, नाहींही म्हटलें नाहीं. म्हटलें, "रविवारीं सकाळीं चल, माझगांवच्या टेकडीवर जाऊन येऊं. वाटेंत बोलूं." मार्गशीर्ष महिना होता, हवा गार होती. आम्ही दोघे साडेसहाच्या सुमारास बाहेर पडलों.

भायखळ्याचें स्टेशन मुंबईच्या अत्यंत जुन्या स्टेशनांपैकीं एक आहे. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हें शाळेंतील कोणतेंही मूल सांगेल. परंतु तिच्या आदल्या वर्षीं, १८५२ सालीं, गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड ह्यांचें नांव दिलेलें वाफेचें एंजिन भायखळ्याच्या मैदानावर वाघिणी ढकलूं लागलें होतें, हें थोड्यांस ठाऊक असतें. अलीकडे स्टेशनाच्या दगडी इमारतीचा जीर्णोद्धार फार चांगला झाला. २०२२ सालीं युनेस्कोनें त्याचा गौरव केला. आम्ही तेथें क्षणभर थांबलों. पुतण्यास म्हटलें, "तें एंजिन विलायतेहून आलें होतें. आपल्या देशांत घडलेलें पहिलें एंजिन अजमेरच्या रेल्वे कारखान्यांतून बाहेर पडलें तें १८९५ सालीं. चालविण्यास शिकणें आणि घडविण्यास शिकणें, ह्यांत चाळीसांहून अधिक वर्षांचें अंतर पडलें." तो हंसून म्हणाला, "काका, विमानाच्या एंजिनाच्या बाबतींत तें अंतर अजून संपलेलें नाहीं."

राणीच्या बागेपाशीं आलों तों तिकिटाच्या खिडकीसमोर मुलाबाळांची रांग लागूं लागली होती. १८६२ सालीं उघडलेल्या ह्या बागेस आज वीरमाता जिजाबाई भोसले ह्यांचें नांव आहे; पण भायखळ्याच्या तोंडीं अद्याप राणीचा बागच. आमच्या लहानपणीं हत्ती व वाघ हें येथील आकर्षण; हल्लींच्या मुलांस पेंग्विन पाहावयाचे असतात. शेजारींच १८७२ सालचें वस्तुसंग्रहालय. १९७५ पासून तें डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांच्या नांवानें ओळखलें जातें. त्याच्या आवारांत एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. ज्या हत्तीमुळें घारापुरी बेटास परक्यांनीं 'एलिफंटा' हें नांव दिलें, तोच हा. इंग्रजांनीं त्यास विलायतेस नेण्याकरितां उचलावयास घेतलें, तों तो कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे येथें आणून पुढें जोडण्यांत आले. आम्ही शाळेंतील मुलांस येथें आणीत असूं, तेव्हां सांधे कोठें दिसतात हें शोधण्याची पैज लावीत असूं. मुलांस सांधे चटकन् सांपडत.

ह्या भागाचें आणखी एक वैशिष्ट्य वाचकांनीं लक्षांत घ्यावें. भायखळा हें यंत्रविद्येचें जुनें माहेरघर आहे. १८८७ सालीं सुरू झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ सालीं माटुंग्यास जाण्यापूर्वीं भायखळ्यांतच होती. आज त्या संस्थेसही जिजाबाईंचेंच नांव आहे. रिचर्डसन आणि क्रुडास ही लोखंडी बांधकामांची जुनी कंपनी येथलीच. गिरण्यांच्या काळांत त्यांच्या यंत्रांचे सुटे भाग करणारे कितीतरी लहान गाळे येथें होते. गिरण्या गेल्या, गाळे कमी झाले, त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. आमच्या बंधूंचा गाळा उरलेल्या थोडक्यांतील एक.

ग्लोरिया चर्चच्या बाजूनें आम्ही माझगांवच्या वाटेस लागलों. माझगांवांत शिरतांना आम्हांस एका पुरुषाची नेहमीं आठवण होते. अर्देशर कर्सेटजी वाडिया हे येथें राहात. त्यांच्या घराण्यांतील लवजी नसरवानजी १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले आणि तेव्हांपासून मुंबईच्या गोदींत वाडियांनीं जहाजें बांधलीं. हीं जहाजें केवळ व्यापाराचीं नव्हतीं. इंग्रजांच्या आरमाराकरितां युद्धनौका येथें सागवानी लांकडाच्या बांधल्या जात. १८१७ सालीं मुंबईस बांधलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर उभी आहे. १८१३ सालच्या 'कॉर्नवालिस'वर १८४२ सालीं इंग्रजांचा व चीनचा नानकिंगचा तह झाला. युद्धसामग्री परदेशीं विकण्याचा धंदा मुंबईस नवा नाहीं, हें ह्यावरून दिसेल. पण त्या गलबतांच्या तोफांनीं कोणावर मारा करावा, हें ठरविण्याचा अधिकार बांधणाऱ्यांस नव्हता.

पुढें लांकूड व शीड मागें पडून लोखंड व वाफ आली. अर्देशर ह्यांनीं काळाची पावलें ओळखिलीं. १८३३ सालीं त्यांनीं 'इंडस' ही लहान आगबोट बांधली. १८३४ सालीं माझगांवच्या आपल्या बंगल्यांत ग्यासचे दिवे लाविले. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें, हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. असा पुरुष असूनही मुंबईच्या जहाजबांधणीचें वैभव ओसरलें. कारण लांकडाचा सांगाडा येथला होता, वाफेचें एंजिन मात्र विलायतेंतून येत होतें. "म्हणजे साच्यांची हातगाडी," पुतण्या हळूच म्हणाला. हें त्याच्या तोंडून ऐकून आम्हांस बरें वाटलें व वाईटही वाटलें.

डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळून पायऱ्या चढून आम्ही टेकडीवर आलों. ह्या टेकडीवरील बागेस जोसेफ बॅप्टिस्टा ह्यांचें नांव आहे. काका बॅप्टिस्टा हे माझगांवचेच. लोकमान्यांचे स्नेही, नामांकित बॅरिस्टर, १९२५ सालीं मुंबईचे महापौर. बागेच्या पूर्वेच्या कठड्यापाशीं उभें राहिलें म्हणजे खालीं माझगांव गोदी, तिच्या पलीकडे समुद्र, असा देखावा दिसतो. उंच याऱ्या, करड्या रंगाचे नौकांचे सांगाडे, पत्र्याच्या लांबलचक छपरांचे कारखाने, आणि सकाळच्या उन्हांत चमकणारें खाडीचें पाणी. रविवार असल्यामुळें ठोकाठोक कमी होती. बाकावर एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत होते, दोन मुलगे अभ्यास करीत होते. आम्हींही एक बाक धरिला.

खालची गोदी हा आमच्या प्रश्नाचा मोठा धडा होता. १७७४ च्या सुमारास लहान गोदी म्हणून तिचा आरंभ झाला. १९३४ सालीं तिची कंपनी झाली व १९६० सालीं ती सरकारनें घेतली. ब्रिटनच्या व्हिकर्स व यारो ह्या कंपन्यांच्या साह्यानें, त्यांच्याच नकाशांबरहुकूम, येथें 'निलगिरि' ही मोठी युद्धनौका बांधण्यांत आली. १९७२ सालीं ती आरमारांत दाखल झाली. त्याच जातीच्या एकंदर सहा नौका झाल्या. पहिली जशीच्या तशी कित्त्याबरहुकूम. परंतु शेवटच्या दोन, 'तारागिरि' व 'विंध्यगिरि', ह्यांत मोठें हेलिकॉप्टर बसावें म्हणून आपल्या लोकांनीं आराखडा बदलला. आणि त्यानंतर १९८३ सालीं आली ती 'गोदावरी', आपल्याच आराखड्याची. आम्ही पडलों पंतोजी. आम्हांस ह्यांत धुळाक्षरें दिसतात. कित्ता गिरविण्यांत लाज नाहीं. जो गिरवीत नाहीं त्याचें अक्षर बसत नाहीं. पण दहाव्या वर्षींही जो कित्ताच गिरवितो त्याच्या बापानें काळजी करावी.

ह्याच गोदींत दुसरा धडाही आहे. १९८१ सालीं जर्मनीच्या एच.डी.डब्ल्यू. कंपनीशीं पाणबुड्यांचा करार झाला. दोन तिकडे व दोन येथें बांधावयाच्या. येथील कारागिरांनीं ती कठीण विद्या आत्मसात् केली. 'शल्की' १९९२ त व 'शंकुल' १९९४ त आरमारांत आली. परंतु मध्यंतरीं त्या करारांत लांच दिल्याचे आरोप झाले, पुढील पाणबुड्या रद्द झाल्या, आणि शिकलेले हात दुसऱ्या कामांस लागले. २००५ सालीं फ्रेंचांशीं सहा पाणबुड्यांचा नवा करार झाला, तेव्हां पुष्कळ गोष्टी पुन्हां श्रीगणेशायपासून शिकाव्या लागल्या. त्यांपैकीं पहिली 'कलवरी' २०१७ त व सहावी 'वागशीर' १५ जानेवारी २०२५ रोजीं आरमारांत आली. त्याच दिवशीं ह्याच गोदीची नवी 'निलगिरि'ही दाखल झाली. आराखडा आपला, पोलाद आपलें. पण तिला वेगानें पळविणारें टर्बाइन मात्र अमेरिकन आराखड्याचें.

"नौकेची गोष्ट तरी सोपी," पुतण्या म्हणाला, "विमानाचें याहून अवघड." आणि त्यानें खिशांतील वही काढून आम्हांस एक तास विमानांचा इतिहास सांगितला. आम्हीं त्यास अंकगणित शिकविलें होतें. आज तो आम्हांस शिकवीत होता. त्यांतील सार येथें देतों.

सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४० सालीं म्हैसूर संस्थानाच्या भागीदारींत बंगळूरास विमानांचा कारखाना काढला. कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे, जे जर्मनींत गटिंगेन येथें प्रांट्ल ह्यांच्या हाताखालीं शिकून आले होते, त्यांनीं तेथें आपल्या देशाच्या आराखड्याचें पहिलें विमान केलें. एच.टी.-२ नांवाचें हें शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टांत उडालें, आणि पुढें घाना देशानें अशीं डझनभर विमानें घेतलीं. त्यानंतर जर्मन शिल्पज्ञ कुर्ट टँक ह्यांच्या नेतृत्वाखालीं 'मरुत' हें लढाऊ विमान झालें. १७ जून १९६१ रोजीं तें प्रथम उडालें. हें विमान आम्हांसही परिचित आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारांत एक 'मरुत' ठेविलें आहे, आणि आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनीं त्याच्या पंखाखालीं डबे खाल्ले आहेत. पण त्याच्या पोटांतील दुखणें आम्हांस ठाऊक नव्हतें. ज्या जोरदार ब्रिटिश एंजिनाच्या भरंवशावर त्याचा आराखडा केला होता, त्या एंजिनाचें काम ब्रिटननें सोडून दिलें; पुढें चालवावयाचें तर खर्च तुम्ही सोसा, असें सांगण्यांत आलें. आपण सोसला नाहीं. तेव्हां इजिप्तशीं हातमिळवणी झाली. तेथें ब्रांडनर नांवाचे ऑस्ट्रियन एंजिनतज्ञ ई-३०० हें एंजिन करीत होते. तें दोन्हीं देशांच्या विमानांस चालावें, असा बेत. पैसा आपणही घातला, एक 'मरुत' तिकडे पाठविलें, १९६७ सालीं तें त्या एंजिनासह उडालें. परंतु त्याच वर्षीं इजिप्तवर युद्धाचा घाला आला, आणि १९६९ सालीं सर्व काम बंद पडलें. 'मरुत' आयुष्यभर कमी जोराच्या एंजिनावर उडालें. एकंदर १४७ विमानें झालीं. १९७१ च्या युद्धांत राजस्थानच्या वाळवंटांत तीं उत्तम लढलीं. पण ज्या वेगासाठीं त्यांचा जन्म होता तो वेग त्यांस कधीं मिळाला नाहीं.

भागीदारींत दोष केवळ दुबळ्यांच्याच वांट्यास येतो असें नाहीं. फ्रान्स व ब्रिटन ह्यांनीं मिळून 'जॅग्वार' केलें. त्यांतील फ्रेंच कंपनी पुढें दासो ह्या कंपनीनें गिळली. दासोस स्वतःचीं 'मिराज' विमानें खपवावयाचीं होतीं, तेव्हां सामाईक विमानाकरितां ती कां झिजेल? पुढें फ्रान्स १९८५ सालीं युरोपच्या सामाईक विमानाच्या योजनेंतून बाहेर पडला आणि त्यानें एकट्यानें 'राफाल' केलें. उरलेल्या ब्रिटन, जर्मनी, इटली व स्पेन ह्यांनीं 'टायफून' केलें. पण ब्रिटननें तें सौदी अरबस्तानास आणखी विकावयाचें म्हटलें, तर जर्मनीनें कित्येक वर्षें होकार दिला नाहीं. तो मिळाला २०२४ च्या आरंभीं. इकडे राफाल विकतांना फ्रान्सला घरांत कोणास विचारावें लागत नाहीं. मिसर, कतार, आपला देश, ग्रीस, संयुक्त अमिराती अशीं गिऱ्हाइकें त्यास मिळालीं. परंतु एकट्याचा खर्चही एकट्यासच. कोरियानें इंडोनेशियाशीं भागीदारी केली; इंडोनेशियानें खर्चाचा पांचवा हिस्सा द्यावयाचा कबूल केला, हप्ते थकविले, आणि शेवटीं तो हिस्सा मूळच्या तिसऱ्या भागाच्या आसपास कमी करून घेतला. असल्या हिशेबांवर एकत्र कुटुंबांतील वाचकांस अधिक भाष्य नको.

विक्रीचा प्रश्न तर त्याहून नाजूक. १९७८ च्या सुमारास स्वीडन आपणांस 'विगेन' विमानें विकूं इच्छीत होता. विमान स्वीडनचें; पण एंजिनाचें मूळ अमेरिकन. अमेरिकेनें मनाई केली आणि तो सौदा बुडाला. आपण जॅग्वार घेतलीं. अगदीं अलीकडे अर्जेंटिनास कोरियाचीं विमानें हवीं होतीं. त्यांत ब्रिटनचे कांहीं सुटे भाग होते, आणि फॉकलंड बेटांच्या युद्धापासून ब्रिटननें अर्जेंटिनाची वाट अडविली आहे. सबब तीं मिळालीं नाहींत. एखाद्या लहानशा भागानें सबंध विमान अडतें. (फॉकलंड हें नांव त्या सकाळीं दुसऱ्यांदा आमच्या कानीं पडलें.) आपल्या 'तेजस'चेंही तेंच. २०२१ सालीं आपल्या हवाई दलानें ८३ 'तेजस' मागविलीं. अमेरिकन एंजिनें वेळेवर आलीं नाहींत, म्हणून विमानांचे सांगाडे वाट पाहात उभे राहिले. १९८६ पासून चाललेलें आपलें 'कावेरी' एंजिन त्या विमानास पुरेसें ठरलें नाहीं. तरीही १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं नाशिकजवळ ओझर येथें, जेथें १९६० च्या दशकापासून रशियन मिग विमानें परवान्यावर बांधलीं जात, तेथें घडलेलें पहिलें नव्या जातीचें 'तेजस' उडालें. कित्त्याच्या शाळेंतून स्वतःचें अक्षर बाहेर पडलें, असें आम्ही म्हणूं.

रशियाशीं आपण दोन भागीदाऱ्या केल्या. पांचव्या पिढीच्या लढाऊ विमानाच्या कामांत २०१० च्या करारानें सुमारें २९ कोटि ५० लक्ष डॉलर घातले. आराखड्यांत आपणांस कितपत वाव, ह्याचें समाधान होईना, आणि २०१८ सालीं आपण बाहेर पडलों. दुसरी 'ब्रह्मोस' क्षेपणास्त्राची. १९९८ चा करार. ब्रह्मपुत्रा व मॉस्क्वा ह्या दोन नद्यांचीं नांवें जोडून नांव ठेविलें. आपला हिस्सा साडेपन्नास टक्के. तें क्षेपणास्त्र २०२२ सालीं फिलिपाइन्सनें साडेसदतीस कोटि डॉलरांस मागविलें व २०२४ सालीं तें पोंचलेंही. दोन्हीं करारांत माणसें तींच, देश तेच. एकांत कोणाचें काय हें आधीं ठरलें होतें, दुसऱ्यांत तें शेवटपर्यंत ठरलें नाहीं.

ऊन वाढूं लागलें होतें. आम्हीं पुतण्यास आमच्या विद्येंतील एक गोष्ट सांगितली. मनूनें व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत चौथें 'संभूय-समुत्थान', म्हणजे अनेकांनीं मिळून केलेला उद्योग. आणि त्याच्या लगेच आधीं तिसरें 'अस्वामिविक्रय', म्हणजे जें आपल्या मालकीचें नाहीं तें विकणें. हा क्रम सहज पडला असेल. पण आम्हांस त्यांत शहाणपण दिसतें. मिळून उद्योग करण्यापूर्वीं कोणती वस्तु कोणाची हें पक्कें ठरवा. याज्ञवल्क्य ह्याच प्रकरणांत सांगतो कीं नफा व तोटा भांडवलाप्रमाणें किंवा ठरावाप्रमाणें वांटावा, कपट करणाऱ्या भागीदारास नफा न देतां काढून टाकावें, आणि संकटांत माल वांचविणाऱ्यास दहावा हिस्सा अधिक द्यावा. दीड-दोन हजार वर्षांपूर्वींच्या व्यापारी तांड्यांसाठीं सांगितलेले हे नियम. पण विमानांच्या करारांत जें मोडलें तें ह्यांपैकींच कांहीं तरी.

"तेव्हां," आम्ही म्हणालों, "त्या कंपनीस तूं तीन प्रश्न लिहून विचार. ड्रॉइंग त्यांचें असो. पण तो तुकडा धरण्यासाठीं तूं जीं फिक्श्चरें करशील, आणि कामाची जी रीत बसविशील, ती कोणाची? उद्यां त्यांनीं काम थांबविलें तर त्या यंत्रावर दुसऱ्याचें काम करण्यास तुला मोकळीक आहे कीं नाहीं? आणि तिसरा, हा तुकडा शेवटीं कोणाच्या विमानांत जाणार, हें तुला कळणार कीं नाहीं?"

तिसरा प्रश्न खरोखर आमचा नव्हता. आमच्या वडील भगिनी, ज्यांस सर्व घर ताई म्हणतें, पुण्यास असतात. २००५ च्या कायद्यानें मुलींसही एकत्र मिळकतींत जन्मतः हक्क आला, म्हणून त्यांचीही सही हवी होती. फोनवर सर्व ऐकून घेऊन त्या एवढेंच म्हणाल्या होत्या, "तो तुकडा कोणाच्या विमानांत बसणार, आणि तें विमान कोणावर जाणार?" पुतण्यानें आपल्या सैन्याच्या गरजा सांगितल्या, देशाच्या सीमा सांगितल्या, हें सर्व खरेंच आहे, व आम्हांसही पटतें. ज्या देशापाशीं स्वतःचें शस्त्र नाहीं त्याला दुसऱ्याच्या दारांत उभें राहावें लागतें. पण ताईंचा प्रश्न आपल्या सैन्याविषयीं नव्हता, विक्रीविषयीं होता. 'कॉर्नवालिस' बांधणाऱ्या सुतारास चीनची किती माहिती होती?

दुपारीं घरीं येऊन जेवलों. पुतण्यानें त्याच रात्रीं पत्र लिहिलें. उत्तर येण्यास तीन आठवडे लागले. त्यांत लिहिलें होतें कीं फिक्श्चरें व कामाची रीत कारखान्याचीच राहील. यंत्रावर दुसरें काम करण्यास हरकत नाहीं, मात्र त्यांचें ड्रॉइंग कोणास दाखवूं नये. आणि तिसऱ्या प्रश्नासंबंधीं, एंजिन कोणास विकावें हें त्यांचें सरकार ठरवितें, त्याची माहिती पुरवठा करणाऱ्यांस देतां येत नाहीं.

आमच्या घरच्या मंडळींनीं तें पत्र दोनदां वाचलें व म्हटलें, "दोन उत्तरें आलीं. तिसरें कधींच यावयाचें नाहीं. आतां ठरवा." मग आम्ही सर्व एकत्र बसलों. ठरलें तें असें : कोंकणांतील घर तारणांत घालूं नये. गाळ्यांत बंधूंचा व आमचा निम्मा निम्मा हिस्सा आहे, तेवढाच तारण ठेवावा. त्यावर मिळेल त्या कर्जांत नवें यंत्र येत नाहीं, म्हणून तपासून जुनें घ्यावें व काम थोडक्यानें सुरू करावें. फिक्श्चरांविषयींचें कलम करारांत शब्दशः यावें. आणि पांच वर्षांच्या आंत स्वतःच्या ड्रॉइंगची एक तरी वस्तु ह्या यंत्रावर निघावी. न निघाल्यास पुढचें कर्ज काढतांना आमची सही मागूं नये.

घर वगळल्यामुळें ताईंच्या सहीची गरज उरली नव्हती. तरीही आम्हीं त्यांस सर्व कळविलें. त्यांचें उत्तर आलें : "मुलानें उद्योग करावा, माझा आशीर्वाद आहे. मात्र त्या कामाच्या नफ्यांतलें मला दिवाळीस कांहीं पाठवूं नये." हें वाचून पुतण्या बराच वेळ गप्प बसला. आम्हांसही काय बोलावें सुचलें नाहीं. त्यांचें म्हणणें चूक आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं, आणि पुतण्याचें चूक आहे असेंही म्हणवत नाहीं.

सही आम्हीं केली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं फिरावयास निघालों तेव्हां पाय आपोआप माझगांवकडे वळले. टेकडीवरून पाहिलें तों खालीं गोदींत काम सुरू झालें होतें. यारी एक मोठा पत्रा उचलून हळूहळू सांगाड्याकडे नेत होती, आणि खालीं उभा असलेला मनुष्य हात वर करून तिला इशारे देत होता. पत्रा जागेवर बसेपर्यंत आम्ही तेथें उभे राहिलों, आणि मग घरीं परतलों.